राहू दे, मीच करते!



गेल्या महिन्यात सूनबाई पुण्याहून दोन दिवस राहायला आली. एकटीच, मुलगा आणि नातू तिकडेच. चेहरा उतरलेला होता, पण मी काही विचारलं नाही. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवणं व्हायची म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकाला लागलो, आणि चपात्या लाटता लाटता तीच बोलायला लागली.

एका कंपनीच्या हिशेब विभागात ती काम करते. गेल्या वर्षी बढती मिळाली आणि नऊ जणांची टीम तिच्या हाताखाली आली. "आई, चार महिन्यांत दोघं सोडून गेले. आमचे साहेब म्हणाले, तुझं काम उत्तम आहे, पण तुझ्या हाताखाली माणसं टिकत नाहीत. माझं काय चुकतंय हो?"

मी काय उत्तर देणार? बी.कॉम. झाले १९८१ साली, पण नोकरी एक दिवसही केली नाही. तिच्या चपातीची कड जाड राहिली होती. बोलता बोलता माझा हात पुढे गेला, तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि मी म्हणाले, "राहू दे, मीच करते."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी असतानाच हसली. "आई, मी ऑफिसात दिवसभर हेच वाक्य म्हणते."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपण बायका नेहमी म्हणतो, वीस माणसांचं घर चालवलं, आम्हाला मॅनेजमेंट कुणी शिकवायला नको. मीही हेच म्हणत आले. आता माझं मत बदललं आहे. आपल्याला काम करता येतं, झोकून देऊन करता येतं. पण दुसऱ्याकडून काम करून घेणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती आपल्यातल्या किती जणींना येते, याची मला शंका आहे. मला तरी ती आली नव्हती.

कॉलेजात व्यवस्थापन हा विषय होता. नेतृत्वाचे तीन प्रकार पाठ केलेले आठवतात: हुकूमशाही, लोकशाही आणि 'चालू द्या जसं चालतंय तसं'. यामागे एक प्रयोग आहे. कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ जर्मनीतून अमेरिकेत आले होते. त्यांनी लिपिट आणि व्हाइट या दोघांबरोबर आयोवा इथं दहा-दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले, त्यांना मुखवटे वगैरे बनवायला दिले, आणि प्रत्येक गटाला वेगवेगळ्या पद्धतीनं वागणारा मोठा माणूस नेता म्हणून दिला. १९३९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. हुकूम सोडणारा नेता खोलीत असेपर्यंत मुलं भरभर काम करत. तो बाहेर गेला की काम थंड. शिवाय ती मुलं एक तर आपसांत भांडत, नाही तर अगदी गप्प होऊन जात. विचारून, समजावून काम घेणाऱ्याच्या गटात नेता बाहेर गेला तरी काम चालू राहायचं. आणि ज्यानं सगळं मुलांवर सोडून दिलं, त्याच्याकडे कामही कमी झालं आणि जे झालं तेही यथातथाच.

परीक्षेपुरतं हे लिहून मी विसरून गेले. पण लग्न होऊन सासरी आले तेव्हा तो प्रयोग रोजच बघायला मिळत होता की! आमच्या सासूबाई घरात असल्या की आम्ही चौघी जावा घड्याळाच्या काट्यावर. त्या एकदा शिखरजीच्या यात्रेला पंधरा दिवस गेल्या, तर तिसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी संध्याकाळपर्यंत मोरीत. त्या वाईट नव्हत्या. पण घर त्यांचं होतं, आमचं झालेलंच नव्हतं. हुकूम देणारं माणूस हलल्याबरोबर काम ढासळलं, तर काम करणारी माणसं आळशी आहेत असा अर्थ आपण लगेच काढतो. ते काम त्यांना आपलं कधी वाटूच दिलं नाही, हे कुणी बघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हुकूम वाईटच का? तसं मी म्हणणार नाही. चातुर्मासात चौका लावलेल्या मैत्रिणींना हे लगेच कळेल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावी मुनिसंघाचा चातुर्मास होता. एका चौक्याची जबाबदारी माझ्याकडे होती. पावसाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा तीन दिवसांची. पाणी गाळून तापवलेलं, धान्य निवडलेलं, वस्त्रं शुद्ध. महाराजांची आहाराला निघायची वेळ ठरलेली. पडगाहनाला उभं राहायचं तर त्याआधी सगळं तयार हवं. आणि घासात एक केस निघाला तरी अंतराय. महाराज तिथंच अंजुली सोडतात, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. अशा ठिकाणी 'तुला काय वाटतं गं?' असं विचारत बसायची सोय नसते. मी सांगेन तसं, सांगेन तेव्हा. कुणाला राग आला नाही, कारण नियम माझे नव्हते, सगळ्यांना ठाऊक होते, आणि चूक झाली तर किंमत कोण मोजणार हेही ठाऊक होतं. वेळ कमी, नियम पक्के आणि चुकीची किंमत मोठी असेल, तर एकानं सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं हेच बरोबर.

चूक पुढे झाली. चौक्यातला तोच आवाज घेऊन मी दुपारच्या महिला मंडळात गेले. महावीर जयंतीच्या कार्यक्रमाचं ठरवायचं होतं. वेळ भरपूर, नियम कसले नाहीत, आणि पंचवीसजणींच्या डोक्यात पंचवीस कल्पना. मी मात्र वही काढली आणि कामं वाटून मोकळी झाले. एक नवी सून होती, इंटिरिअरचं शिकलेली. तिला मी ताटं मोजायला बसवलं. ती दोन बैठकांना आली, तिसरीला आली नाही. मी वर घरी येऊन म्हणाले, "आजकालच्या मुलींना जबाबदारी नको असते." हे वाक्य आठवलं की आज मला लाज वाटते.

हर्सी आणि ब्लँचर्ड या दोघा अभ्यासकांनी १९६९ साली जे मांडलं, ते मला या बाबतीत सगळ्यांत पटतं. ते म्हणतात, पद्धत नेत्याच्या स्वभावावरून ठरवू नका, समोरच्याची तयारी बघून ठरवा. आपल्या भाषेत सांगते. घरात नवी सून आली, तिला पुरण घालणं अजिबात येत नाही. तेव्हा तिला नुसतं सांगायचं: डाळ एवढी, पाणी एवढं, आता गूळ घाल. थोडं यायला लागलं की सांगायचं आणि 'का' तेही समजवायचं, म्हणजे पुरण सैल पडलं तर काय करायचं हे तिला स्वतःला उमगतं. मग येतं, पण धीर होत नाही; तेव्हा शेजारी उभं राहायचं, हात लावायचा नाही. आणि शेवटी पूर्ण यायला लागलं की स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं. आपण बहुतेकजणी पहिल्या पायरीवर उत्तम असतो. चौथ्या पायरीवर, बाहेर पडायच्या वेळी, आपले पाय उचलत नाहीत. माझी सून आठ वर्षांची जुनी झाली तरी मी तिच्या हातून लाटणं घेतेच आहे.

आणि उलटीही चूक होते. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी 'तुझं तू बघ' म्हणून सोडून देणं हा विश्वास नव्हे. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलण्यासारखं आहे ते. सूनबाईच्या ऑफिसात सोडून गेलेल्या दोघांपैकी एक मुलगा अगदी नवा होता. त्याला तिनं काम शिकवलं नव्हतं, कारण शिकवण्यापेक्षा स्वतः करणं लवकर व्हायचं. दुसरी बारा वर्षांची अनुभवी बाई; तिची प्रत्येक ई-मेल ही पाठवण्याआधी तपासायची. म्हणजे ज्याला हात धरायला हवा होता त्याचा सोडला, आणि जिचा सोडायला हवा होता तिचा धरून ठेवला.

डॅनियल गोलमन यांनी २००० साली एका लेखात नेतृत्वाच्या सहा पद्धती सांगितल्या. त्यांतली एक वाचताना मी आरशात बघितल्यासारखी दचकले. तो नेता स्वतः सगळ्यांत जास्त राबतो, सगळ्यांत वेगानं करतो, आणि बाकीच्यांनीही तसंच करावं असं धरून चालतो. कुणी मागे पडलं की त्याच्या हातातलं काम काढून स्वतः करतो. गोलमन म्हणतात, अशा माणसाभोवतीचं वातावरण बिघडतं. लोकांना वाटतं, आपण कितीही केलं तरी पुरे पडणार नाही. मग ते स्वतःहून काही करायचंच सोडून देतात. आपल्याला वाटतं आपण कष्ट करतो, म्हणजे आपण चांगले. पण 'मीच करते' या शब्दांत थोडा अहंकारही असतो. दहा धर्मांत क्षमेनंतर लगेच मार्दव येतं. मान सोडायचा, एवढं आपण पूजेत म्हणतो, आणि स्वयंपाकघरात 'माझ्यासारखं कुणाला जमत नाही' हा मान मात्र जपून ठेवतो.

एकमेकींवर विश्वास टाकून केवढं मोठं काम उभं राहतं, याचं उदाहरण लांब शोधायला नको. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात गुजराती बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. ऐंशी रुपये उसने घेतलेले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तीच आजची लिज्जत. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथं लाटणारी प्रत्येक बाई नोकर नसते, 'बहीण' असते, म्हणजे मालकीण. शाखा चालवणारी संचालिकाही त्यांच्यातलीच. सकाळी केंद्रातून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवून आणून द्यायचं. आणि म्हणून सगळं ढिलं आहे का? अजिबात नाही. पीठ एकाच ठिकाणी भिजवलेलं, पापड तपासून घेतलेला, दर्जात सूट नाही. सुरुवातीला त्या एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायचा, असे दोन प्रकार करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा यांनी सांगितलं, एकच करा आणि उत्तम करा. नियम कडक, पण नियम पाळणारी प्रत्येकजण मालकीण. चाळीस हजारांहून अधिक बायका असं काम करू शकतात, तर नऊ जणांच्या टीमला काय अडचण आहे?

आता आपल्या धर्माकडे येते. इंग्रजी पुस्तकांतून जे शिकले त्यापेक्षा नेमकं मला तिथं सापडलं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण हे बैल-घोड्यांपुरतं समजावून सांगतो. पण आपल्या आधारावर असलेल्या प्रत्येक जिवाला ते लागू आहे, माणसांनासुद्धा. अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही एवढं ओझं लादणं. अन्नपाननिरोध म्हणजे खाण्यापिण्यात अडथळा आणणं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला तीन दिवसांचं काम देऊन 'सोमवारी सकाळी हवं' म्हणणं हे अतिभारारोपण नाही तर काय? जेवणाच्या वेळेत मीटिंग लावणं, पगार पुढे ढकलणं, हा अन्नपाननिरोधच. कॉलेजात आम्ही १९४८ चा कारखाना कायदा शिकलो: सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. सरकारनं जे कायद्यानं सांगितलं, ते आपल्या आचार्यांनी व्रत म्हणून कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. पद्धत हुकमाची असो की विचारून करायची, या दोन अतिचारांपुढे कुठलीही पद्धत चालत नाही. माझ्या मते पहिली कसोटी ही, बाकीचं सगळं नंतर.

हे मंडळात बोलले तेव्हा आमच्या एक अक्का म्हणाल्या, "गोड बोललं की लोक डोक्यावर बसतात. अहिंसा देवळात ठीक, दुकानात नाही." त्यांचा अनुभव खोटा नाही. चाळीस वर्षं दुकान सांभाळलं आहे त्यांनी. पण अहिंसा म्हणजे मऊपणा, असा समज करून घेतला की घोटाळा होतो. 'भगवती आराधना' या ग्रंथात शिष्याला सांभाळणाऱ्या आचार्यांचे आठ गुण दिले आहेत. त्यांत एक गुण आहे 'अवपीडक'. शिष्य दोष लपवत असेल तर त्याला पेचात पकडून तो बोलायला लावणारा. चांगलाच कडक गुण आहे हा. पण त्याला जोडूनच दुसरा गुण आहे 'अपरिस्रावी', म्हणजे ऐकलेला दोष बाहेर न झिरपू देणारा. शिष्यानं जे सांगितलं ते आचार्यांपाशीच राहणार. आपण काय करतो? चूक स्पष्टपणे, समोर बसवून सांगायला कचरतो, आणि नंतर चारचौघांत किंवा ग्रुपवर तीच चूक गाळत बसतो. कडक तिथं मऊ, आणि जपायचं तिथं सैल! एकांतात स्पष्ट बोला आणि बाहेर झाकून ठेवा, एवढं जरी साहेबांनी आणि सासवांनी केलं तरी निम्मी माणसं सोडून जायची थांबतील.

आणि बायकांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. भगवान महावीरांच्या संघात छत्तीस हजार आर्यिका होत्या आणि त्यांच्या प्रमुख चंदना, असं आपली परंपरा सांगते. साखळदंडात अडकून उपाशी पडलेली हीच मुलगी. ओझं आणि उपास म्हणजे काय हे जिनं भोगलं होतं, तिच्या हाती एवढा संघ सोपवला गेला, हे मला फार मोठं वाटतं.

सूनबाईशी मी हे सगळं एका बैठकीत बोलले नाही. पुस्तकातलं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एवढंच म्हणाले, "परत गेलीस की एक काम असं निवड, जे तुला फार चांगलं येतं, आणि ते दुसऱ्या कुणाला दे. चुकलं तरी हातात घेऊ नकोस." तिनं महिनाअखेरचा एक अहवाल त्या अनुभवी बाईंसारख्याच एका मुलीला दिला. दोन दिवस उशीर झाला, एक आकडा चुकला, साहेबांचं ऐकून घ्यावं लागलं. ते तिनं स्वतः ऐकून घेतलं, मुलीचं नाव घेतलं नाही. फोनवर म्हणाली, "आई, फार अवघड आहे हो. हात शिवशिवतात." मी म्हणाले, "माझेही."

आता माझं स्वतःचं सांगते, म्हणजे उपदेश करून निसटल्यासारखं व्हायला नको.

आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात, एकोणीस वर्षं झाली. क्षमावाणीला मी दरवर्षी सगळ्या नातेवाइकांना फोन करते, दोनशे जणांना मेसेज पाठवते. या मावशींची क्षमा मी एकोणीस वर्षांत एकदाही मागितली नव्हती. डोक्यातच आलं नाही. अतिचारांवर विचार करताना मुलाचं लग्न आठवलं. आठ दिवस त्या पहाटे सहाला यायच्या आणि रात्री अकराला जायच्या. पाहुण्यांची चौथी पंगत उठेपर्यंत 'तुम्ही जेवलात का?' असं मी विचारलं होतं का, हे मला आठवेना. आठवत नाही म्हणजे विचारलं नव्हतं.

यंदाच्या क्षमावाणीला त्या आल्यावर मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हात जोडून हे सगळं बोलले. त्या गडबडल्या, उठायलाच लागल्या. मग म्हणाल्या, "वैनी, जेवले न्हवते खरं. चौथ्या दिवशी चक्कर आली हुती. तुमास्नी सांगितलं न्हाई."

सांगितलं नाही, कारण सांगावं असं मी त्यांना कधी वाटू दिलं नव्हतं. आता त्यांची महिन्यातली चार सुट्ट्यांची तारीख कॅलेंडरवर त्या स्वतः खूण करून ठरवतात, आणि घरात कार्य असलं की दुसरी बाई मदतीला घ्यायची की नाही हे मी त्यांना विचारते. पहिल्याच वेळी त्यांनी "दोघी लागतील" असं सांगितलं, आणि मी तोंडावर आलेलं "एवढ्याशा कामाला?" गिळून टाकलं.

मैत्रिणींनो, तुमच्या हाताखाली कोण आहे? दुकानातला मुलगा, स्वयंपाकाच्या बाई, ऑफिसातली टीम, नाही तर घरातली सूनच. त्यांतल्या कुणाला तुम्ही नसताना काम करावंसं वाटतं, आणि कुणाला चक्कर आली तर तुम्हाला सांगावंसं वाटेल? मला नक्की कळवा. आणि पुढच्या क्षमावाणीच्या यादीत त्यांचं नाव आधी लिहा.

जय जिनेंद्र.